इन्सर्ट कमी भरले म्हणजे चोरीच झाली का? कारखान्यातल्या चोरीचा तपास आणि त्याचे कागद

प्रश्न थोडक्यात असा: चाकण एमआयडीसीतलं मशीन शॉप, एकूण ९० माणसं, त्यांपैकी ३५ कंत्राटदाराची. तीन महिने टूल स्टोअरमध्ये कार्बाइड इन्सर्ट (मशीनवर धातू कापायची छोटी, बदलता येणारी टोकं) कमी भरताहेत, आणि ४ चौरस मिमी कॉपर वायरची दोन कॉइल गायब आहेत. संशय रात्रपाळीच्या एका हेल्परवर. मालकांचं म्हणणं, "बोलवा, कबुली लिहून घ्या, राजीनामा घ्या आणि विषय संपवा." काय करावं, पोलिसांत कधी जावं, कोणते कागद लागतील?

उत्तर:

राजीनामा घेऊ नका, कबुलीही घेऊ नका. सध्या तुमच्याकडे एक संशय आहे आणि एक आकडा आहे, तोही स्टोअरकीपरने तोंडी सांगितलेला. एवढ्यावर माणूस घरी पाठवलात तर महिन्याभरात वकिलाचं पत्र येतं की केबिनचं दार लावून राजीनामा लिहून घेतला. तेव्हा पुढे करायला तुमच्याकडे त्या राजीनाम्याशिवाय एकही कागद नसतो. आणि माल कुठल्या वाटेने बाहेर गेला ते तर कळलेलंच नसतं. हेल्पर जातो, वाट उघडीच राहते.

म्हणून आधी काय गेलं, किती गेलं, कुठल्या तारखांच्या दरम्यान गेलं. मग कुठून गेलं. माणसाचं नाव सगळ्यात शेवटी.

खरी तूट किती

मोजणी पाळी बदलताना, इश्यू बंद ठेवून, दोघांनी करायची: एक स्टोअरचा, दुसरा अकाउंट्सचा किंवा क्वालिटीचा, ज्याचा स्टोअरशी रोजचा संबंध नाही असा. मोजणीच्या कागदावर पुस्तकी शिल्लक छापू नका. समोर २२० दिसलं की मोजणाऱ्याचा हात २२० पर्यंत पोचायला बघतो. नुसते कोड आणि रिकामे रकाने द्या.

डबे उघडून मोजा. इन्सर्टचा डबा १० नगांचा, टिकली लावलेला. बंद डबा म्हणजे दहा नग, असं धरून मोजणारे नेमके इथे फसतात. वापरलेले इन्सर्ट पुसून डब्यात परत ठेवले आणि टिकली दाबून बसवली की डब्यांची संख्या महिनोन्‌महिने बरोबर येते. भिंगाखाली कोपरा बघा: नव्या इन्सर्टचं कोटिंग कडेपर्यंत एकसारखं असतं, वापरलेल्याच्या टोकाशी झिजलेली चकचकीत पट्टी दिसते आणि मधल्या भोकाच्या कडेला स्क्रू बसल्याची खूण असते. असा डबा सापडला तर ती नुसती तूट नाही, पुरावाही आहे. डबा, लेबलवरचा बॅच नंबर आणि आतले नग यांचे फोटो काढून तो तसाच बाजूला ठेवा.

आता हिशेब. समजा सीएनएमजी १२०४०८ या एका कोडचा असा आहे: महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक १४०, तीन चलनांवर आवक ६००, स्लिपांवर इश्यू ५२०. पुस्तकी शिल्लक २२०. मोजले तेव्हा १५० भरले, म्हणजे तूट ७०. ही ७० लगेच चोरी म्हणून लिहायची नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये स्लिप न फाडता नेलेले २० सापडले. एक डबा आवक म्हणून नोंदला, पण अजून क्वालिटीच्या होल्ड रॅकवरच होता, ते १०. उरले ४०. खरेदी बिलाचा दर ४२० रुपये धरला तर १६,८०० रुपये. पोलीस तक्रारीत आणि कामगाराला द्यायच्या आरोपपत्रात (चार्जशीटमध्ये) ७० नाही, फार तर हा ४० चा आकडा जातो. ७० लिहिलेत आणि उलटतपासणीत ड्रॉवरमधले २० बाहेर आले, की उरलेल्या ४० वरही कोणी विश्वास ठेवत नाही.

खोट्या तुटीची आणखी दोन कारणं नेहमी भेटतात. पुरवठादार बदलला की तोच इन्सर्ट दोन कोडांवर चढतो; एक कोड कमी दाखवतो, दुसरा तेवढाच जास्त. दुसरं एककाचं: वायर कॉइलने घेतली, मीटरने इश्यू केली, आणि कोणी कॉइल १०० मीटरचं धरलं, कोणी ९० चं. आपल्याकडे वायरिंगचं कॉइल बहुतेक ९० मीटरचं येतं. दहा कॉइलांमागे शंभर मीटर "चोरीला" जातात ते कागदावरच.

बिन कार्डाच्या (प्रत्येक मालाच्या आवक-इश्यू-शिलकेचं स्टोअरमधलं कार्ड) पलीकडे आणखी एक हिशेब करा, बहुतेक जण तो करत नाहीत. वेगळे आकडे घेऊ: सीएनएमजीला कापायच्या चार कडा. एका कडेवर ५० जॉब निघत असतील तर एका इन्सर्टवर २००. महिन्याचं उत्पादन २४,००० जॉब असेल तर १२० इन्सर्ट लागायला हवेत, मोडतोड धरून १३०-१३५. स्लिपांवर इश्यू १७० निघाला तर स्टोअर चोख आहे, माल इश्यू झाल्यावर मशीनपासून जातोय. बिन कार्ड कितीही तपासा, ही चोरी तिथे दिसणार नाही. इथे स्टोअरकीपरला धारेवर धरणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप. एक जुना आणा, एक नवा न्या, हा नियम कडक केला की दोन आठवड्यांत कुठल्या मशीनचा खप घसरतो ते बघा. वापरलेलं कार्बाइडही भंगारात किलोवर विकलं जातं. एक इन्सर्ट नऊ-दहा ग्रॅमचा, म्हणजे शंभरेक जमले की किलो झाला. जुने इन्सर्ट परत घेताना मोजता, पण विकताना तोलता का, हेही विचारा.

वायरीचा हिशेब वजनात मांडून ठेवा. तांब्याची घनता धरली तर ४ चौरस मिमीची एक मीटर तार सुमारे ३६ ग्रॅम. ९० मीटरच्या कॉइलमध्ये सव्वातीन किलो, दोन कॉइलांत साडेसहा किलो तांबं. चोर वरचं पीव्हीसी जाळतो किंवा सोलतो, त्यामुळे कंपनीचं नाव आणि मीटरचे आकडे जातात आणि भंगारवाल्याकडे उरतं ते काळं तांबं. ते तुमचंच हे ओळखता येत नाही, पण वजन जुळतं. कंपाउंडच्या मागे, टॉयलेटच्या आडोशाला जळलेल्या पीव्हीसीचे गोळे किंवा सोललेली सालं मिळतात का बघा. सालावरच छपाई असते.

पहिल्या दोन दिवसांत वाचवायच्या गोष्टी

सगळ्यात आधी डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग हार्ड डिस्क भरली की जुन्यावर चढतं. मध्यम कारखान्यात १५ ते ३० दिवसांचंच हाती राहतं. मोजणी चालू असतानाच फुटेज काढायला माणूस बसवा.

काढताना पहिला फोटो घड्याळाचा. डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि शेजारी मोबाइलवरची वेळ, दोन्ही एका फोटोत. डीव्हीआर सात मिनिटं पुढे असेल तर तसं अहवालात लिहा, घड्याळ दुरुस्त करत बसू नका. गेट रजिस्टरवर ५.५० आणि कॅमेऱ्यात ५.५७ असा फरक आधीच समजावलेला असला तर पुढे कोणी त्यावर बोट ठेवत नाही. घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचं रेकॉर्डिंग मूळ फॉरमॅटमध्ये, त्याच्या प्लेअरसकट, दोन पेनड्राइव्हवर घ्या. स्क्रीनवर चालू असलेलं फुटेज मोबाइलने शूट करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं, हे सगळीकडे चालतं आणि सगळीकडे नडतं.

प्रत्येक फाइलचा हॅश (फाइलवरून निघणारा अक्षर-आकड्यांचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) काढून कागदावर उतरवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा त्यासाठी आधीपासूनच असते, एसएचए-२५६ निवडा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली जे प्रमाणपत्र लागतं, त्याच्या नमुन्यात हॅशसाठी जागाच आहे. त्याचे दोन भाग: अ भागावर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही, ब भागावर तज्ज्ञाची. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक प्रत चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात, जुन्या कायद्याच्या कलम ६५ ब बाबत, पक्कं केलं. वाद होता तो उमेदवारी अर्ज भरतानाच्या व्हिडिओ चित्रणाचा.

मग कागद. बिन कार्ड, इश्यू स्लिपांची बुकं, आवक-जावक रजिस्टर, गेटपासची कार्बन प्रत, मस्टर, बायोमेट्रिकचा रिपोर्ट, भंगाराची चलनं आणि काट्याच्या पावत्या. मूळ कागद कुलपात, कामाला झेरॉक्स. रजिस्टर ताब्यात घेताना शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या करा. पानं मोजून संख्या लिहा. बिन कार्ड काढून घ्या आणि मोजलेल्या शिलकेवरून नवं कार्ड सुरू करा. जुन्या कार्डावर "बरोबर" करायला पेन लावू देऊ नका. स्टोअरकीपर घाबरलेला असतो, त्या रात्री तो सगळ्या राहिलेल्या नोंदी एका बैठकीत भरून टाकतो. महिन्याभराच्या नोंदी एकाच पेनने, एकाच तिरकेपणाने उतरलेल्या दिसल्या की कामगाराचा प्रतिनिधी पहिला प्रश्न विचारतो: "हे तुम्ही रोज लिहिता का?"

या सगळ्याचा एक पानी जागेवरचा अहवाल करा: कधी लक्षात आलं, कोणी सांगितलं, कोण हजर होतं, कुलूप-कडी शाबूत होती की तोडलेली, किल्ल्या कोणाकडे किती. त्याला पंचनामा म्हणू नका, पंचनामा पोलिसांचा. त्यात संशयिताचं नाव नको, अंदाज नको. "मागच्या खिडकीची जाळी खालच्या उजव्या कोपऱ्यात सुमारे ३० सेंमी वाकलेली" एवढंच. "इथून माल बाहेर दिला असावा" हे नाही. त्याच दिवशीची तारीख आणि सही हवी.

गेट आणि भंगाराची गाडी

झडती घेता येते, पण नियम आधीपासून लिहिलेला आणि गेटवर लावलेला असायला हवा: नेमणूकपत्रात किंवा स्थायी आदेशात (कारखान्याच्या लेखी सेवाशर्ती) तरतूद, बायकांची झडती बाई सुरक्षारक्षकानेच, आडोशाला, दुसऱ्या बाईच्या समोर. बटण दाबलं की लाल-हिरवा दिवा लागणारी पेटी बसवली तर "मलाच का" हा वाद मिटतो. एकाच माणसाची रोज झडती घेणं म्हणजे पुढे सूडबुद्धीचा आरोप आपणच लिहून देणं.

माल सापडला तर तिथेच, त्याच्यासमोर मोजा. "जेवणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेले, सीएनएमजी १२०४०८ चे १२ नग, बॅच अमुक" असं लिहा, फोटो काढा, पाकिटात घालून लाख किंवा सही केलेली टेप लावा, पाकिटावर दोन साक्षीदारांच्या आणि त्याच्या सह्या. तो सही नाकारत असेल तर "सहीस नकार" लिहून साक्षीदारांच्या घ्या. अंगाला हात लावू नका. झडतीच नाकारली तर नकाराची नोंद करा; तो स्वतंत्र गैरवर्तनाचा मुद्दा होतो.

डांबून ठेवणं हा तुमच्यावरचा गुन्हा होतो, भारतीय न्याय संहितेचं कलम १२७. मारहाण करून कबुली काढली तर कलम १२०, सात वर्षांपर्यंत शिक्षा. डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला तरच खासगी माणसाला पकडता येतं, आणि त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०). सुरक्षारक्षकांच्या ठेकेदाराला हे लेखी द्या, कारण रात्री दोन वाजता निर्णय तोच घेतो.

आता भंगार. जेवणाच्या डब्यातून बारा इन्सर्ट जातात, भंगाराच्या गाडीतून पाचशे किलो. निव्वळ वजन म्हणजे भरलेली गाडी वजा रिकामी गाडी. भंगार घेणाऱ्याला निव्वळ कमी हवं असतं, म्हणून रिकामी गाडी जड दाखवली जाते: ड्रायव्हर आणि दोन हमाल केबिनमध्ये बसून काट्यावर येतात, मागे दगड, पाण्याचे कॅन, जास्तीचं टायर असतं, भरताना हे सगळं उतरतं. उपाय सोपा. दोन्ही वजनांना गाडीत कोणी नको, गाडीचे आतून-खालून फोटो, आणि त्या नंबरच्या मागच्या दहा पावत्यांवरचं रिकाम्या गाडीचं वजन एका कागदावर ओळीने मांडा. तीच गाडी एकदा ३,२१० आणि एकदा ३,४४० किलो भरत असेल तर डिझेलच्या टाकीने एवढा फरक पडत नाही. दुसरी खोड म्हणजे पितळी टर्निंगच्या (कापताना निघालेल्या किसाच्या) पोत्यात तळाला चांगले बार. प्रत्येक खेपेला दोन पोती ओतून बघा, कुठली ते ऐनवेळी ठरवा.

जबाब

क्रम: स्टोअरकीपर, सुरक्षारक्षक, त्या पाळीचा सुपरवायझर, शेजारच्या मशीनवरचे, आणि संशयित शेवटी. तोपर्यंत कागद तुमच्या हातात असायला हवेत, म्हणजे त्याला विचारायचे प्रश्न कागदातून निघतात. "चोरी केलीस का" हा प्रश्न निरुपयोगी आहे. "१४ तारखेला पहाटे सव्वापाचला स्टोअरच्या मागे कशासाठी गेला होतास, किल्ली कोणाकडून घेतलीस, तेव्हा तिथे आणखी कोण होतं" हे प्रश्न.

खोलीत दोघे: एक विचारणारा, एक लिहिणारा. दार उघडं किंवा काचेचं. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहा. उत्तर त्याच्याच शब्दांत, त्याला कळणाऱ्या भाषेत. ओडिशाच्या मुलाचा जबाब सफाईदार मराठीत लिहून त्याची सही घेतली तर तो कागद रद्दीत गेला. वाचून दाखवल्याची नोंद आणि प्रत्येक पानावर सही. खाडाखोड झाली तर तिथेही सही.

"खरं सांग, नोकरी जाणार नाही" असं म्हणू नका. आमिष, धमकी किंवा वचन देऊन घेतलेली कबुली फौजदारी खटल्यात चालत नाही (साक्ष अधिनियम, कलम २२), आणि खातेअंतर्गत चौकशीतही ती पहिल्या तासात कोसळते. त्याने आपणहून कबूल केलं तर स्वतःच्या हाताने लिहू द्या आणि तपशील येऊ द्या: कुठे विकलं, किती किलो, किती पैसे आले. "माझी चूक झाली, माफ करा" एवढ्या ओळीला अर्थ नाही. मशीनवर पान खाल्ल्याबद्दलही माणूस हेच लिहितो.

आणि नाव किंवा फोटो ग्रुपवर, नोटीस बोर्डवर टाकू नका. बदनामीचा दावा उगाच ओढवून घ्याल.

पोलिसांत केव्हा

खरी तूट आणि प्राथमिक कागद हातात आले की लगेच, दोन-चार दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर तक्रारीतच कारण लिहा: "मोजणी अमुक तारखेला पूर्ण झाली." कुलूप तोडलं असेल तर मात्र मोजणीची वाट न बघता, काहीही न हलवता आधी पोलीस.

कलम तुम्ही लिहू नका, हकिगत लिहा. पण ठाण्यात काय बोलणं होईल ते माहीत हवं. साधी चोरी म्हणजे न्याय संहितेचं कलम ३०३(२), तीन वर्षांपर्यंत. माल ५,००० रुपयांच्या आतला असेल तर ती अदखलपात्र धरली जाते, आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा किंमत परत केली तर शिक्षा सामाजिक सेवेची. माल ठेवायच्या इमारतीतली चोरी ३०५, आणि नोकराने मालकाच्या ताब्यातल्या मालाची केलेली चोरी ३०६. दोन्हींना सात वर्षांपर्यंत, आणि तिथे ५,००० ची मर्यादा नाही. माल ज्याच्या ताब्यात विश्वासाने दिला होता तो स्टोअरकीपरच सामील असेल तर प्रकरण चोरीचं राहत नाही, ३१६(४) च्या विश्वासघाताचं होतं. घेणाऱ्या भंगारवाल्याला ३१७. म्हणून किल्ली आणि ताबा नक्की कोणाकडे होता हे एक वाक्य तक्रारीत नेमकं हवं.

तक्रार कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकारपत्रासह: कोण, कधी, काय, किती नग, किती किंमत, ओळखीच्या खुणा, आणि जोडपत्रांची यादी. पोचेचा शिक्का घ्या. गुन्हा नोंदला की प्रत फुकट मिळते. नोंदवून घेत नसतील तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे, आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(४)). तुमचा चाकण-म्हाळुंगेचा भाग पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो, त्यामुळे तिथे उपायुक्तांकडे.

जप्त झालेला माल मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि कोर्टातून सुपूर्दनाम्यावर (मागितला की हजर करू, अशी लेखी हमी) सोडवावा लागतो. तिथे "हा आमचा" हे दाखवायला खूण लागते. महागड्या होल्डरवर, गेजवर लेझरने किंवा पंचने नंबर टाकायचं काम आजच लावा.

चार्जशीट आणि चौकशी

पोलीस केस आणि खातेअंतर्गत चौकशी बरोबरीने चालू शकतात. कोर्टाला शंकेपलीकडचा पुरावा लागतो, चौकशीत शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात. १९७७ च्या हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग प्रकरणात बस कंडक्टरच्या चौकशीत प्रवाशांची साक्ष झाली नव्हती, तरी सर्वोच्च न्यायालयाने चौकशी टिकवली.

उलटं उदाहरण कोलारच्या भारत गोल्ड माइन्सचं. २ जून १९८५ रोजी तिथल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरावर छापा पडला, ४.५ ग्रॅमचा सोन्याचा गोळा आणि १,२७६ ग्रॅम सोनंमिश्रित वाळू मिळाल्याचा आरोप होता. निलंबनात निर्वाह भत्ता दिला नाही, तो चौकशीला येऊ शकला नाही, ती एकतर्फी झाली, बडतर्फी झाली. फौजदारी कोर्टाने त्याच छाप्याच्या पुराव्यावर त्याला निर्दोष सोडलं, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामावर परत घ्यायला लावलं. भत्ता न देणं मालकांना किरकोळ काटकसर वाटते. पहिले ९० दिवस निम्मा पगार, नंतर उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. ठरल्या तारखेला बँकेत जमा करा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात स्थायी आदेशांची सक्ती ३०० कामगारांपासून आहे. महाराष्ट्रात आधी ती ५० पासून होती. तुमची संख्या ९० आहे म्हणून नोटीस, खुलासा, चौकशी यांतून सुटका मात्र नाही. नैसर्गिक न्याय डावलून किंवा घाईने काढणं ही अनुचित कामगार प्रथाच ठरते.

आरोपपत्रातलं वाक्य असं नको: "तुम्ही वारंवार चोऱ्या करता व तुमची वर्तणूक संशयास्पद आहे." असं हवं: "दि. अमुक रोजी तिसऱ्या पाळीत सकाळी सुमारे ५.५० वाजता मुख्य गेटवर आपल्या जेवणाच्या डब्यात कंपनीच्या मालकीचे सीएनएमजी १२०४०८ प्रकारचे १२ नग, किंमत रु. ५,०४०, गेटपासविना आढळले." गेटवर १२ सापडले असतील तर आरोप १२ चाच. उरलेले २८ त्याच्या माथी मारायचे तर त्याचा वेगळा पुरावा लागेल. इथे मोह फार होतो.

खुलाशाला सात दिवस द्या. चौकशी अधिकारी तक्रारदार, साक्षीदार किंवा तपास करणारा नसावा. ९० माणसांच्या कारखान्यात आतला कोणी तटस्थ मिळणं अवघड, बाहेरचा वकील नेमा. कामगाराला सोबती कामगार किंवा युनियनचा प्रतिनिधी, कागदांच्या प्रती, उलटतपासणी. रोजच्या कामकाजाच्या प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या. अहवाल आला की त्याची प्रत देऊन म्हणणं मागवायचं आणि मगच शिक्षा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या ईसीआयएल प्रकरणापासून ही पायरी चुकवता येत नाही.

पैशांचं

विमा तपासा. बर्गलरी पॉलिसीला जबरदस्तीने आत शिरल्याच्या किंवा बाहेर पडल्याच्या खुणा लागतात. आपल्याच माणसाने किल्लीने उघडून नेलं तर ती बहुधा उपयोगी पडत नाही. त्यासाठी फिडेलिटी गॅरंटी, म्हणजे आपल्याच माणसाच्या अप्रामाणिकपणाचा विमा. दोन्हींत कळवायची मुदत असते, तपास पूर्ण होईपर्यंत थांबू नका. चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, कलम १७(५)(एच). तुमच्या सीएला तुटीचा अंतिम आकडा, म्हणजे ४०, लेखी द्या.

पगारातून परस्पर कापू नका. कपात करता येते ती त्याच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेल्या मालाबद्दल, त्याच्या हलगर्जीमुळे नुकसान झालं असेल तर, आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. हेल्परच्या ताब्यात स्टोअर दिलेलं नव्हतं. ग्रॅच्युइटीबाबत फेब्रुवारी २०२५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि एसटी महामंडळाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नैतिक अधःपतनाच्या गैरवर्तनासाठी ती रोखायला फौजदारी शिक्षा झालेलीच हवी असं नाही. एसटीच्या कंडक्टरांच्या बाबतीत मात्र २५ टक्क्यांपुरतीच परवानगी मिळाली.

तो हेल्पर कोणाचा?

हे मी आधी विचारायला हवं होतं, कारण तुमच्याकडे ३५ माणसं कंत्राटी आहेत आणि रात्रपाळीचे हेल्पर बहुतेक त्यांतलेच असतात. तसं असेल तर चार्जशीट तुम्ही द्यायचीच नाही. त्याचा मालक कंत्राटदार. तुम्ही कंत्राटदाराला घटनेचं पत्र द्या, कागदांच्या प्रती द्या, त्या माणसाचा गेट प्रवेश थांबवा आणि पुढची कारवाई काय केली ते लेखी मागा. तुम्हीच नोटीस, चौकशी, बडतर्फी केलीत तर उद्या तो तुमच्याच सहीचे कागद दाखवून म्हणेल, माझे खरे मालक हेच. फौजदारी तक्रार मात्र तुम्हीच द्यायची, माल तुमचा आहे.

आणि तपासात त्याच्याविरुद्ध काही निघालं नाही तर तेही लिहून द्या. "आरोप सिद्ध झाला नाही" असं पत्र, निलंबनाच्या काळाचा राहिलेला पगार, आणि त्याच पाळीवर, त्याच कामावर परत. आठवड्याची अघोषित मोजणी चालू ठेवा, आणि या वेळी तपासाची सुरुवात स्टोअरची दुसरी किल्ली कोणाकडे असते इथपासून करा.